किनाऱ्याचं पाणी हरितगृह वायू घेतं की सोडतं?

निळाई (धागाकर्ती)

"समुद्र आपला कर्ब गिळतो" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मान आपोआप डोलते. आणि ते खोटंही नाही. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र घेतो. पण मध्यंतरी ओळखीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे झालं खोल समुद्राचं. किनाऱ्याजवळच्या पाण्याचं काय? ते घेतं का सोडतं?" मी ठणकावून "घेतं" म्हणाले आणि मग खात्री करून घ्यायला बसले. त्यात तीन रात्री गेल्या. उत्तर "घेतं" असंच आहे, पण त्याला इतक्या शेपट्या आहेत की म्हटलं धागाच काढावा.

पहिली गोष्ट म्हणजे किनारी पाणी हे एक पाणी नव्हे. खाडी वेगळी, खारफुटीतलं पाणी वेगळं, आणि पुढे भूखंडमंचावर (जमिनीची पाण्याखाली गेलेली उथळ कडा) पसरलेला उथळ समुद्र आणखी वेगळा. अगदी शेजारी राहून या तिघांचे स्वभाव जुळत नाहीत.

खाडीपासून सुरू करू. नदी नुसतं पाणी आणत नाही. पालापाचोळा, माती, सांडपाणी असं सगळं घेऊन येते, म्हणजे जिवाणूंना आयतं खाद्य. गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, त्यामुळे वनस्पतिप्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, काही चालत नाही. जिवाणूंना उजेडाशी देणंघेणं नाही, त्यांचं खाणं रात्रंदिवस सुरू. त्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेच्या मानाने जास्त साठतो आणि बाहेर पडतो. १९९८ साली मिशेल फ्रांकिन्यूल आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या खाड्यांचा हिशोब मांडला, तेव्हा वर्षाला ३ ते ६ कोटी टन कार्बन हवेत जातो असं निघालं. तेव्हाच्या पश्चिम युरोपातल्या एकूण मानवी उत्सर्जनाच्या ५ ते १० टक्के! नकाशावर या खाड्या शोधायला भिंग घ्यावं लागतं.

आता त्याच खाडीतून बाहेर पडून मंचावर या. गाळ खाली बसलाय, पाणी निवळलंय, पण नदीने आणलेलं नत्र आणि स्फुरद अजून पाण्यात आहे. इथे प्लवकांची चंगळ. ते कार्बन डायऑक्साइड ओढतात, मेले की खाली जातात, आणि तो कार्बन मंचाच्या कडेवरून खोल समुद्रात उतरला की दीर्घकाळ वर येत नाही. शिझुओ त्सुनोगाई यांनी १९९९ मध्ये पूर्व चीन समुद्रातल्या मोजमापांवरून याला 'भूखंडमंचाचा पंप' म्हटलं.

पण हा पंप सगळीकडे सारखा चालत नाही. उत्तम उदाहरण नॉर्थ सी. त्याचा उत्तरेचा भाग खोल आहे, उन्हाळ्यात पाण्याचे दोन थर होतात. वरच्या थरात प्लवक वाढतात, खालच्या थरात कुजतात, आणि खालचं पाणी कार्बन घेऊन अटलांटिकमध्ये निघून जातं. दक्षिणेचा भाग इतका उथळ की भरती-ओहोटी तो सतत तळापासून ढवळते. वर जे घेतलं ते खाली कुजून लगेच पुन्हा वर येतं. समुद्र एकच, पण उत्तरेला घेतो आणि दक्षिणेला जवळजवळ तेवढंच परत देतो.

हे झालं फक्त कार्बन डायऑक्साइडचं. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडवर मी वाचलंय पण लिहायची छाती होत नाही. जाणकारांनी भर घालावी.


शंकेखोर

एका वाक्यात सांगा, घेतो की सोडतो? बाकी नंतर वाचतो.

↳ निळाई
कार्बन डायऑक्साइड घेतो, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड सोडतो. आता बाकीचं वाचा.

↳ खोडसाळ
एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने टेबलाखालून द्यायचं. व्यवहारी गृहस्थ दिसतो.


गाळउपसा

चांगला धागा. मिथेनचं मी लिहितो, कारण माझी उमेदीची बरीच वर्षं समुद्रतळाचा गाळ नळीत भरून वर काढण्यात गेली आहेत.

१७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने माज्जोरे तळ्याच्या काठी चिखलात काठी फिरवली, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. हाच मिथेन. ते तळं गोड्या पाण्याचं होतं, आणि इथेच खरी गंमत आहे. समुद्राच्या गाळात मिथेन तेवढा सहज तयार होत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. ऑक्सिजन संपल्यावर गाळातले सल्फेट वापरणारे जिवाणू आधी हात मारतात आणि मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना उपाशी ठेवतात. सल्फेट संपेपर्यंत, म्हणजे गाळात काही सेंटिमीटर ते काही मीटर खोल जाईपर्यंत, मिथेनवाल्यांचा नंबर लागत नाही.

नळी उभी चिरली की हे डोळ्यांना दिसतं. वर बोटभर तपकिरी थर, तिथे थोडा ऑक्सिजन आहे. त्याखाली काळाकुट्ट गाळ, सडक्या अंड्याचा वास मारणारा. हा सल्फेटवाल्यांचा मुलूख. आणखी खाली करडा गाळ, आणि त्यात बारीक बारीक चिरा. त्या चिरा वायूच्या आहेत. अशी नळी तळातून वर आणताना दाब उतरतो, आतला वायू फुगतो, आणि कधी कधी गाळ नळीच्या तोंडातून दूध उतू जावं तसा बाहेर यायला लागतो. तेव्हा एकाने तोंडावर तळहात दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बूच शोधत पळायचं.

खाली तयार झालेला मिथेन वर यायला निघतो तेव्हा वाटेत त्याला पुन्हा सल्फेट भेटतं. तिथे आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) आणि जिवाणू गुच्छ करून राहतात आणि दोघं मिळून ऑक्सिजनशिवायच मिथेन खातात. २००० साली आन्त्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी हे गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. समुद्री गाळात तयार होणाऱ्या मिथेनचा फार मोठा भाग, बऱ्याच अंदाजांनुसार ९० टक्क्यांहून जास्त, या नाक्यावरच संपतो.

मग बाहेर पडतो तो कसा? नाका चुकवून. जिथे सेंद्रिय गाळ भरभरून पडतो तिथे सल्फेट वरवरच संपतं आणि नाका अगदी पातळ होतो. जिथे पाणी मचूळ आहे तिथे सल्फेटच कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचे बुडबुडे. विरघळलेला मिथेन नाक्यावर अडतो, बुडबुडा मात्र सुसाट वर जातो. त्यात पाणी उथळ असेल तर काही सेकंदांत हवेत. खोल पाण्यात तोच बुडबुडा वाटेत विरघळतो आणि पाण्यातले जिवाणू तो मिथेन सावकाश खातात. म्हणून मिथेनच्या बाबतीत पहिला प्रश्न खोलीचा विचारायचा.

थॉमस वेबर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जगभरच्या समुद्राचं मिथेन उत्सर्जन वर्षाला ६० लाख ते १ कोटी २० लाख टन काढलं, आणि त्यातला मोठा वाटा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याचा. सगळ्या स्रोतांतून मिळून हवेत जाणारा मिथेन ५५-६० कोटी टनांच्या घरात आहे. म्हणजे समुद्राचा वाटा टक्का-दोन टक्के. त्यामुळे कुणी लगेच घाबरू नका.

↳ उत्सुक_वाचक
काय सुंदर लिहिलंय! एक प्रश्न. भरती-ओहोटीने दाब बदलतो ना? मग ओहोटीला जास्त बुडबुडे यायला हवेत.

↳ गाळउपसा
अगदी बरोबर, आणि येतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर केप लुकआउट बाइट नावाची छोटी आखातासारखी जागा आहे. तिथे १९८० च्या आसपासच हे नीट मोजलं गेलं. उन्हाळ्यात, पाणी उतरलं की तळ खदखदायला लागतो. मीटरभर पाण्याचं वजन कमी झालं एवढंच कारण. भरतीला मोजलेला आकडा चोवीस तासांना लावला तर फसगत ठरलेली.


खोडसाळ

तळ खदखदतो, सडकी अंडी, दूध उतू... एवढं वाचून समुद्रावर फिरायला जाण्याची इच्छा मेली.


उत्सुक_वाचक

आणखी एक बाळबोध शंका. शिंपले, प्रवाळ हे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. म्हणजे कार्बन कायमचा दगडात बंद. मग शिंपल्यांची पैदास वाढवली तर कार्बन डायऑक्साइड कमी होईल ना?

↳ निळाई
हा माझाही गैरसमज होता. उलटं होतं. शिंपल्याला कवच करायला कार्बोनेट लागतं, ते पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून येतं. दोन बायकार्बोनेटचे रेणू घेतले की एक कवचात जातो आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. समुद्राचं पाणी त्यातला काही भाग जिरवतं, तरी कवचात गेलेल्या दर एका रेणूमागे साधारण ०.६ रेणू कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. प्रवाळबेटांभोवतीचं पाणी म्हणूनच बहुधा हवेला थोडा कार्बन डायऑक्साइड देणारं असतं. याचा अर्थ प्रवाळ वाईट असा नाही, त्यांची किंमत वेगळ्या कारणांसाठी आहे. पण त्यांना कर्बसाठ्याची टोपी घालायला नको.

↳ उत्सुक_वाचक
बाप रे. उलटंच शिकलो होतो. धन्यवाद ताई.


ओहोटी

खारफुटीबद्दल लिहायला आले. 'निळा कर्ब' हा शब्द हल्ली फार गोड करून वापरला जातो. खारफुटी, समुद्रगवत, खाजणातला दलदली पट्टा, हे सगळे गाळात कार्बन पुरतात आणि तो शतकानुशतकं टिकतो, यात वाद नाही. पण जो गाळ कार्बन पुरतो त्याच गाळातून मिथेनही येतो, गाळउपसा यांनी वर सांगितलंय त्याच कारणाने. ज्युडिथ रोसेनट्रेटर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हिशोब केला की खारफुटीतून सुटणारा मिथेन पुरलेल्या कार्बनचा फायदा सरासरी २० टक्के खाऊन टाकतो. हे २० वर्षांचा काळ धरून. १०० वर्षं धरली तर हा आकडा कमी होतो, कारण मिथेन हवेत दशकभराच्या आसपासच टिकतो.

वीस टक्के गेले तरी ऐंशी उरतात, त्यामुळे खारफुटी तोडायला कुणाला निमित्त मिळू नये. पण रोपं लावून हेक्टरी अमुक टन कार्बन वाचवला अशी प्रमाणपत्रं विकणाऱ्यांनी मिथेनचा रकाना रिकामा ठेवला असेल तर तो प्रामाणिक हिशोब नाही. मी असे दोन अहवाल वाचलेत. दोन्हीत रंगीत फोटो भरपूर होते, मिथेन हा शब्द नव्हता.

↳ शंकेखोर
+१. रंगीत फोटो आणि माहिती यांचं प्रमाण नेहमी व्यस्त असतं.


नत्रपुराण

नायट्रस ऑक्साइडला सगळे सावत्र वागणूक देताहेत, म्हणून लॉगिन केलं. १०० वर्षांच्या हिशोबात एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. हवेत शंभराहून अधिक वर्षं टिकतो, वर जाऊन ओझोनही खातो. आणि किनारी समुद्रात मिथेनपेक्षा याचाच भार मोठा आहे.

हा वायू तयार होण्याची पद्धत मोठी नखरेल आहे. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर अमोनियाचं नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव अगदी किंचित नायट्रस ऑक्साइड सांडतात. ऑक्सिजन अजिबात नसेल तर नायट्रेट फोडणारे जिवाणू त्याचा पार नायट्रोजन करून टाकतात, म्हणजे नायट्रस ऑक्साइड वाटेत तयार होतो आणि वाटेतच संपतो. घोटाळा होतो तो मधल्या अवस्थेत, ऑक्सिजन संपत आलाय पण संपला नाही तेव्हा. पहिला गट जास्त सांडायला लागतो, आणि दुसऱ्या गटाचं शेवटच्या पायरीचं विकर (एन्झाइम) तेवढ्याशा ऑक्सिजननेही बिघडतं. कारखान्याचा शेवटचा विभाग बंद पडावा आणि अर्धवट माल दारात साचत जावा, तसं.

त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन थोडा कमी होणं ही या वायूसाठी मोठी बातमी. ज्या किनाऱ्यांवर खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं, ते सगळे याचे अड्डे. पेरूचा किनारा घ्या किंवा अरबी समुद्राची पूर्व बाजू.

अरबी समुद्राचं प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण त्यातली यंत्रणा बघण्यासारखी आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालून कमी ऑक्सिजनचं, नायट्रेटने भरलेलं पाणी मंचावर चढतं. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी येऊन त्यावर काही मीटर जाडीचं झाकण बसतं. गोडं पाणी हलकं, ते खालच्यात मिसळत नाही. म्हणजे खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, पण पृष्ठभाग तर हाताच्या अंतरावर. खुल्या समुद्रात असा थर शंभर-दीडशे मीटर खाली असतो, इथे दहा मीटरच्या आत. २००० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकारी यांनी हे जगापुढे मांडलं, तेव्हा तिथे मोजलेली नायट्रस ऑक्साइडची पातळी समुद्राच्या पृष्ठभागाजवळ पूर्वी कुठेही न पाहिलेली होती. पावसाळा सरत आला की ऑक्सिजन पुरता संपतो, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो.

आता यात आपला हात किती? खालचं पाणी वर येणं हे निसर्गाचं. पण शेतातून वाहून येणारं नत्र, सांडपाणी, आणि तापत्या पाण्यात कमी विरघळणारा ऑक्सिजन, हे आपलं. रॉबर्ट डियाझ आणि रटगर रोझेनबर्ग यांनी २००८ मध्ये जगभर ४०० हून जास्त किनारी 'मृत पट्टे' मोजले, मिळून सुमारे २ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर. मिसिसिपीच्या मुखासमोरचा पट्टा त्यातला सर्वांत गाजलेला. अशा प्रत्येक पट्ट्याची कडा, जिथे ऑक्सिजन 'थोडासा' आहे, ती नायट्रस ऑक्साइडची संभाव्य भट्टी.

↳ खोडसाळ
हाच तो हसवणारा वायू ना? वाचून हसू काही येईना.

↳ निळाई
नत्रपुराण, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. 'शेवटचा विभाग बंद' ही उपमा ढापते आहे.

↳ शंकेखोर
नत्रपुराण, खतातून वाहून आलेलं नत्र मोजायची जबाबदारी कुणाची? शेत एका देशात, समुद्र सगळ्यांचा.

↳ नत्रपुराण
थोडी व्यवस्था आहे. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) राष्ट्रीय हिशोबाच्या पद्धतीत शेतातून झिरपून नदी-खाडीपर्यंत गेलेल्या नत्राचं 'अप्रत्यक्ष' नायट्रस ऑक्साइड शेताच्याच खात्यात धरतात. २०१३ च्या पाणथळ पुरवणीत खारफुटी, खाजणं, समुद्रगवतही आलं. पण खाडी ओलांडून नत्र मंचावर गेलं की ते कुठल्याच देशाच्या वहीत नाही.


आकडेमोड

सगळे सुटे सुटे आकडे पाहून हात शिवशिवले. २०२४ मध्ये लॉर रेस्प्लांडी आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी किनारी समुद्राच्या तिन्ही वायूंचा एकत्र ताळेबंद मांडला. किनाऱ्यापासून ३०० किलोमीटर किंवा १००० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र, ७.७ कोटी चौरस किलोमीटर, १९९८ ते २०१८. खाड्या आणि खारफुटी यात नाहीत, हे लक्षात ठेवा.

मोजमापांवर आधारलेला आकडा: शोषण वर्षाला ४४ कोटी टन कार्बन. कार्बनचं कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणा, झाले १६१ कोटी टन.
नायट्रस ऑक्साइड: ७० कोटी टन, कार्बन डायऑक्साइडच्या तुल्यमापात.
मिथेन: २१ कोटी टन, त्याच मापात.
दोन्ही मिळून ९१. म्हणजे घेतलेल्यातले ५६ टक्के गेले.

आता संगणकी प्रतिमानं काय म्हणतात ते बघा. त्यांच्या मते शोषण ७२ कोटी टन कार्बन, म्हणजे २६४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड. नायट्रस ऑक्साइड ५४ कोटी. मिथेन तोच २१ धरू. बेरीज ७५, म्हणजे २८ टक्के.

त्यांनी स्वतः ३० ते ६० टक्के असा पल्ला दिलाय, माझी पाटीवरची गणितं त्याच्या आसपासच आली. पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच. मोजमापं ४४ म्हणतात आणि प्रतिमानं ७२. इतक्या वर्षांनंतर मूळ आकड्यातच हा फरक!

↳ शंकेखोर
थांबा. इथे मला मोठी खोट दिसते. नायट्रस ऑक्साइड आणि मिथेन किनारी समुद्र माणूस यायच्या आधीपासून सोडतोय. ते त्याचं नेहमीचं. कार्बन डायऑक्साइडचं शोषण मात्र बऱ्याच अंशी आपण हवेत भर घातली म्हणून होतंय. मग नेहमीचं उत्सर्जन नव्या शोषणातून वजा करणं म्हणजे घरभाडं बोनसमधून वजा करून 'बोनस कमी पडला' म्हणण्यासारखं नाही का?

↳ आकडेमोड
दाद देतो. रास्त मुद्दा आहे. वातावरणाला आज एकूण काय मिळतं, हा एक प्रश्न. त्यासाठी ही वजाबाकी ठीक. माणसामुळे काय बदललं, हा दुसरा. त्यासाठी औद्योगिक काळाआधीचा आकडा लागतो, आणि तेव्हा तिथे कुणी बोट घेऊन गेलं नव्हतं.

↳ निळाई
यातच एक मजेशीर फिरकी आहे. जेम्स बावर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलं की औद्योगिक काळाआधी किनारी समुद्र बहुधा कार्बन डायऑक्साइड सोडणारा होता. नद्यांनी आणलेलं कुजवून तो हवेला द्यायचा. हवेतलं प्रमाण २८० वरून ४२० पीपीएमच्या पुढे गेलं तसा दाबाचा उतारच फिरला आणि तो घेणारा झाला. पाण्याचा स्वभाव बदलला असं नाही, वरची हवाच जड झाली.

↳ शंकेखोर
म्हणजे "किनारी समुद्र आपल्याला मदत करतो" हे वाक्यही तपासून बघायला हवं. आपण हवा कोंबतो म्हणून त्याला गिळावं लागतं.


पाणबुड्या

मिथेनच्या बाबतीत गाळउपसा फारच शांत दिसतात. आर्क्टिकचं काय? पूर्व सायबेरियाचा मंच जगातला सगळ्यात रुंद, सरासरी खोली पन्नासेक मीटर, खाली गोठलेली जमीन वितळतेय. बुडबुडा सरळ हवेत. आणि २०२२ मध्ये बाल्टिकमध्ये रशियातून जर्मनीला जाणारी नॉर्ड स्ट्रीमची गॅस पाइपलाइन फुटली तेव्हा समुद्र अक्षरशः उकळताना सगळ्या जगाने पाहिला.

↳ गाळउपसा
नॉर्ड स्ट्रीम आधी. तिथून साधारण साडेचार लाख टनांहून थोडा जास्त मिथेन गेल्याचा अंदाज आहे. एकाच घटनेसाठी प्रचंड. पण तो पाइपातला वायू, समुद्र फक्त वाट. आणि जगभरचा समुद्र आपलं आपण वर्षाला सोडतो त्याच्या तुलनेत तो विसावा हिस्सा किंवा त्याहून थोडा इकडेतिकडे. टीव्हीवर उकळी दिसते, वर्षभर झिरपणारं दिसत नाही.

सायबेरियाचा प्रश्न खरा आहे, 'मिथेनचा बॉम्ब' फुटणार हे चित्र मात्र मला पटत नाही. २०१० मध्ये नतालिया शाखोवा यांच्या गटाने त्या मंचावरून वर्षाला सुमारे ८० लाख टन मिथेन निघतो असं म्हटलं. २०१४ च्या उन्हाळ्यात स्वीडिश जहाज तिथे जाऊन आलं, ब्रेट थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी जहाजावरच सतत मोजलं, तर आकडा २९ लाख टन निघाला. दोघंही प्रामाणिक. पण बुडबुडे ठिपक्याठिपक्यांनी येतात, ठिपक्यावर उभं राहून मोजलं आणि सगळ्या मंचाला लावलं की फुगतं.

स्वालबार्डचा (नॉर्वेच्या उत्तरेचा द्वीपसमूह) अनुभव तर याहून गमतीदार. तिथे तळातून मिथेन येताना स्पष्ट दिसतो. जॉन पोलमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाहिलं की त्याच जागी बुडबुड्यांबरोबर वर आलेल्या थंड, पोषक पाण्यामुळे प्लवक फोफावतात आणि इतका कार्बन डायऑक्साइड घेतात की थंडावा देणारा परिणाम मिथेनच्या उष्णतेच्या २३१ पटीपर्यंत जातो. हे उन्हाळ्यातलं, त्या एका जागेचं. उद्या कुणी "बुडबुडे चांगले असतात" असा धागा काढू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

↳ खोडसाळ
शीर्षक टाईप करून झालं होतं. खोडलं.


उत्सुक_वाचक

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. पाण्यातला वायू मोजतात कसा? आणि ४४ विरुद्ध ७२ एवढा फरक का राहतो?

↳ गाळउपसा
पद्धत ऐकायला सोपी. काचेची छोटी बाटली, तळापर्यंत जाणारी नळी, पाणी हळूच सोडायचं आणि बाटली दोन-तीनदा भरून वाहू द्यायची, म्हणजे हवा लागलेलं पाणी निघून जातं. मग रबरी बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी चिमट्याने आवळायची, सुईने मर्क्युरिक क्लोराइडचा एक थेंब आत. तो विषारी असतो, जिवाणू मरतात, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते वायू खाऊन किंवा बनवून मोकळे. बाटली उलटी धरून पाहायची. आत मोहरीएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ती बाटली बाद, कारण मिथेनला पाण्यात राहायचं नसतंच, तो त्या बुडबुड्यात जाऊन बसतो. पुढे प्रयोगशाळेत थोडं पाणी काढून त्या जागी हेलियम भरायचा, हलवायचं, आणि वरचा वायू क्रोमॅटोग्राफला, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, द्यायचा.

हे झालं पाण्यात किती आहे त्याचं. बाहेर किती पडतो हे त्यातून 'काढावं' लागतं: पाण्यातल्या आणि हवेतल्या प्रमाणाचा फरक गुणिले एक गुणक. हा गुणक वाऱ्याच्या वेगाच्या वर्गावर चालतो, वारा दुप्पट तर देवाणघेवाण चौपट. आता वादळात बोट कोण काढतं? आपली बहुतेक मापं शांत दिवसांची आहेत, आणि जास्तीत जास्त वायू निघतो तो नेमका आपण बंदरात बसलेलो असतो तेव्हा. आता पाण्यात उभे राहणारे बोये आणि माणसाविना फिरणाऱ्या शिडाच्या बोटी आल्यात, त्या कार्बन डायऑक्साइडचं चांगलं मोजतात. बाकी दोन वायूंना अजून बहुतेक वेळा बाटली किंवा जहाजावरचं यंत्रच लागतं.

↳ नत्रपुराण
म्हणूनच जुन्या, न कंटाळता चाललेल्या स्थानकांना मोल आहे. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर 'बोक्निस एक' (Boknis Eck) नावाची जागा आहे, तिथे १९५७ पासून दर महिन्याला पाणी तपासतात. नायट्रस ऑक्साइड आणि मिथेनची मापं २००५-०६ पासून. महिन्यातून एकदा, बस.

↳ ओहोटी
महिन्यातून एकदा, तेही दिवसा. रात्री कुणी मोजतं का? उथळ पाण्यात दिवसा प्लवक कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री सगळेच फक्त श्वास सोडतात. दिवसाची मापं घेतली तर पाणी नेहमीच सज्जन दिसणार.

↳ गाळउपसा
मोजतात, पण पैसे आणि झोप दोन्ही लागतं. भरतीची दोन आवर्तनं पुरी व्हायला जवळजवळ पंचवीस तास लागतात, म्हणून खाडीत एका जागी नांगर टाकून दर तासाला बाटली भरायची. मी एकदाच केलंय. पहाटे तीनला ओहोटीचा तळ, पाणी जेमतेम कमरेएवढं, बोटीच्या कडेला बुडबुड्यांचा आवाज येत होता. ज्यासाठी आलो होतो ती हीच घटका. विजेरी तोंडात धरून बाटली भरली, टोपी आवळली, नंबर लिहिला आणि पुढच्या तासापर्यंत डोळा लागला.

सकाळी उजेडात सगळ्या बाटल्या उलट्या करून पाहिल्या. पंचवीसपैकी चोवीस स्वच्छ. तीनच्या बाटलीत मोहरीएवढा बुडबुडा.